एका अंकाचे चाळीस वाचक, एका वर्गणीचा एकच मोबाईल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत परभणीच्या एका वाचकानं लिहिलं होतं की, बातमी मोबाईलवर फुकट मिळत असताना पेपरच्या ऑनलाइन वर्गणीला हजार रुपये मोजणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. त्याच्याच खाली दुसऱ्या वाचकाचं म्हणणं होतं की, घरातली चार माणसं एकदा हॉटेलात जेवली तरी एवढे जातात, मग वर्षभराच्या पेपरला कुरकुर कशाला? दोन्ही पत्रं कापून मी आमच्या वाचनालयाच्या फळ्याशेजारी लावली. चार दिवस ओट्यावर त्यांचीच चर्चा होती. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. पण दोघांनीही पेपर वाचणारा माणूस एकटा धरला आहे. आमच्या गावात पेपर तसा वाचला जात नाही, म्हणून हे पत्र लिहिते.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत सगळ्यात खालच्या, सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालय १९८६ चं, मी २००१ पासून आहे. एक खोली, पुढं ओटा, दोन लांब टेबलं, पुस्तकांची सहा कपाटं आणि रोजची चार दैनिकं. पेपरचा गठ्ठा जिंतूरहून येणाऱ्या जीपमधून पावणेआठला फाट्यावर पडतो. तिथून पोरगा मोटारसायकलवर घेऊन येतो. आठ वाजता मी कुलूप काढते तेव्हा पाच-सहा जण ओट्यावर बसलेलेच असतात. अंक टेबलावर ठेवला की दोन मिनिटांत त्याची पानं सुटी होतात. बाजारभावाचं पान एकाकडं, जिल्ह्याचं पान दुसऱ्याकडं, खेळाचं पान भरतीच्या पोरांकडं. अग्रलेख मात्र एक निवृत्त गुरुजी मोठ्यानं वाचतात, कारण त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दोघांना आता बारीक अक्षर दिसत नाही. रजिस्टरवर रोज पस्तीस ते पंचेचाळीस सह्या होतात. सही न करता वाचून जाणारे वेगळे.

हिशेब सांगते. चार दैनिकांचं महिन्याचं बिल ६०० ते ६५० रुपये, म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास. वर्षाकाठी रद्दीचे दीडेक हजार परत येतात, ते जमेत दाखवावे लागतात. उरलेल्या सहा हजारांत चाळीस माणसं वर्षभर चार-चार पेपर वाचतात. माणशी वर्षाला दीडशे रुपये. यापेक्षा स्वस्त काही या गावात मिळत असेल असं मला वाटत नाही.

तरीही मी ऑनलाइन वर्गणी घेतली, आणि घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. ती कशी घेतली, हे मात्र सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये एका मराठी दैनिकाची जाहिरात मोबाईलवर दिसली : पहिला महिना एक रुपया. भाचा पुण्याहून आला होता, त्यानं भरून दिलं. फेब्रुवारीत खात्यातून वर्षाचे ९९९ रुपये गेले. माझं मानधन किती असेल हे ‘ड’ वर्गाच्या कुठल्याही ग्रंथपालाला विचारा. त्या महिन्यात गॅस सिलिंडर उसने पैसे घेऊन आणला. आपोआप पैसे कापण्याआधी चोवीस तास ग्राहकाला कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि कळवलंही होतं. पण तो मेसेज इंग्रजीत होता, दिवसभरात येणाऱ्या वीस मेसेजांत एक. मराठी पेपरच्या वर्गणीची सूचना मराठीत का येऊ नये? आणि वर्गणी सुरू करायला एक बटण होतं, बंद करायला मात्र ॲपमध्ये अर्धा तास शोधूनही जागा सापडली नाही. दैनिकाचं नाव लिहीत नाही. हा अनुभव माझ्या ओळखीच्या तीन-चार जणांना वेगवेगळ्या ठिकाणी आला आहे. ज्याला वाचकाचा विश्वास हवा, त्यानं वाचकाशी असा व्यवहार करू नये.

मग पश्चात्ताप का नाही? त्याचं कारण त्याच वर्षीचा पोळा.

२ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता. आदल्या दिवशीपासून पाऊस थांबेना. रविवारी रात्री ओढ्याच्या पुलावरून पाणी गेलं आणि सोमवारी पेपर आलाच नाही. मंगळवारीही नाही. वीज रविवारपासूनच गेलेली. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग ओघळत होता आणि सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं होतं. शेंगा भरायच्या दिवसांत सोयाबीनच्या मुळाशी दोन दिवस पाणी थांबलं तर काय होतं, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : पीकविम्याची तक्रार द्यायची मुदत वाढवून सात दिवस केली आहे, घाई करू नका, आधी पाणी ओसरू द्या. कुणी पाठवला, कुठून आला, पत्ता नाही. पण सगळ्यांना तो बरा वाटला, कारण घराबाहेर पडायची सोय नव्हती.

मंगळवारी सकाळी मी मोबाईल शेजारच्या मेडिकलच्या इन्व्हर्टरवर चार्ज केला, वाचनालयाच्या गच्चीवर गेले, तिथं रेंज मिळते, आणि त्या दैनिकाचा ई-पेपर, म्हणजे छापील अंकाचीच पानं मोबाईलवर, उघडला. जिल्ह्याच्या पानावर कृषी विभागाचं आवाहन होतं. मुदत ७२ तासांचीच. पीकविम्याच्या ॲपवर नाहीतर १४४४७ या क्रमांकावर कळवा, सर्व्हे नंबर आणि नुकसानीचं कारण सांगा. ७२ तास म्हणजे आमच्यासाठी बुधवार. मी खाली येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि शेजारच्या पोराला घरोघर पाठवलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावरून सतरा जणांनी तक्रार नोंदवली. त्यातल्या किती जणांना पैसे मिळाले, किती मिळाले, ती वेगळी आणि लांबलचक कथा आहे. पण मुदत गेली म्हणून त्यांच्यापैकी कुणाचा अर्ज बाद झाला नाही. ९९९ रुपये माझे त्या एका दिवसात वसूल झाले, असं मी मानते.

परभणीच्या त्या वाचकाला मी हेच सांगेन. फुकट मिळते ती बातमी की नुसता मेसेज, हे एकदा तपासून पाहावं. सात दिवसांचा मेसेज फुकटच होता. ७२ तासांची ओळ कुणा वार्ताहरानं अधिकाऱ्याला फोन करून, विचारून लिहिली होती. त्या फोनचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत.

रोज पहाटे सहाला गावाच्या ग्रुपवर पेपरच्या पीडीएफ येऊन पडतात, ती चोरीच आहे. ही सवय कशी लागली तेही मला माहीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत पेपरला हात लावायला लोक भीत होते. त्या एप्रिलमध्ये सरकारनं घरोघर पेपर टाकायला मनाई केली आणि औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. त्या दिवसांत पीडीएफचा आधार होता. आता पेपर रोज येतात, तरी पीडीएफ चालूच आहेत. वाचनालयात मी त्या उघडू देत नाही. यावरून दोन-तीन जण माझ्याशी तुटकही वागतात.

आता खरी अडचण सांगते. त्या पोळ्यानंतर ओट्यावरच्या सगळ्यांना ई-पेपर हवासा झाला. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे पाचला चालू घडामोडी हव्या असतात, पावणेआठ त्यांना उशीर होतो. मी माझा मोबाईल टेबलावर ठेवू लागले. एका मोबाईलवर पाच डोकी. मग एका मुलीला पासवर्ड दिला, तिनं मैत्रिणीला दिला. नोव्हेंबरमध्ये खातं बंद झालं. ‘एकापेक्षा जास्त उपकरणांवर वापर’ असं कारण आलं. नियम त्यांचा होता, मोडला मी, हे मान्य आहे. मी ईमेल करून विचारलं की, वाचनालयासाठी वेगळी वर्गणी आहे का? जास्त पैसे भरायची तयारी आहे. उत्तर आलं, तेही इंग्रजीत, की वर्गणी फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे. पंधरा दिवसांनी खातं पुन्हा सुरू झालं.

छापील अंकाला कुणी कधी विचारलं नाही की, तुला किती जण वाचतात. पाच रुपयांचा अंक विकत घेतला की तो आमचा. ओट्यावर वाचा, पारावर वाचा, केस कापायच्या दुकानात ठेवा. पेपरचा गावातला सगळा दरारा या फिरत्या अंकामुळंच आहे. सरपंच पेपरला बिचकतो तो त्याच्या घरी अंक येतो म्हणून बिचकत नाही, ओट्यावर चाळीस जण तीच बातमी वाचतात म्हणून बिचकतो. मोबाईलमागं एक वाचक, तोही पासवर्ड लावून बसलेला, असं झालं तर जिल्ह्याच्या पानावरच्या बातमीचं वजन किती उरेल, याचा विचार वृत्तपत्रांनीही करावा.

उलट बाजूही मी पाहिली आहे आणि ती लपवणार नाही. चोवीस वर्षांत आमच्या ओट्यावर बाईमाणूस पेपर वाचत बसलेलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं. मी स्वतः बाई असून ही गत आहे. पुरुष बसलेले असतात, सुना-मुली वाचनालयात येतात, पुस्तक बदलतात आणि उभ्या उभ्या जातात. पासवर्ड दिला त्या मुलीनं मला सांगितलं, “मॅडम, पहिल्यांदाच पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. घरी भाकरी झाल्यावर चुलीम्होरं बसून.” तिची आईही आता तिच्याकडून वाचून घेते. मोबाईलनं पेपर बायकांच्या घरात नेला, हे मला छापील अंकानं चोवीस वर्षांत करता आलं नाही. ऑनलाइन वर्गणीच्या बाजूनं यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही.

मात्र वर्गणी घेणाऱ्यानं एक पाहून घ्यावं. ॲपवरच्या बातम्या आणि ई-पेपर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ॲप उघडलं की नटनट्यांची लग्नं, क्रिकेट आणि मुंबईचं राजकारण वर येतं. आमचा तालुका शोधावा लागतो. जाहीर नोटिसा तर तिथं नसतातच. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आणि हरकतीची मुदत अवघी २१ दिवसांची. माझ्या नात्यातल्या एका शेतकऱ्याला आपला गट नंबर पेपरच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात सापडला, तेव्हा त्यातले बारा दिवस गेले होते. ई-पेपरमध्ये ते पान जसंच्या तसं असतं आणि बोटांनी मोठंही करता येतं. म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, आपल्या जिल्ह्याच्या आवृत्तीचा ई-पेपर मिळत असेल तर पैसे भरा. नुसत्या ॲपवर जाहिराती कमी दिसाव्यात म्हणून भरणार असाल, तर राहू द्या.

आणि जपून ठेवण्याचं काय? आमच्याकडं जुन्या अंकांच्या काही फायली आहेत. १ ऑक्टोबर १९९३ चा अंक आहे, किल्लारीच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीचा. १५ जानेवारी १९९४ चा आहे, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा. माझ्या गल्लीतल्या एका काकूंचं माहेर लोहारा तालुक्यातलं. त्यांना वाचता येत नाही, पण दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आसपास त्या येतात, ती फाईल काढायला लावतात आणि फोटोवर हात ठेवून बसतात. पिवळं पडलं, कडा तुटल्या, तरी ते पान आमचं आहे. ऑनलाइन वर्गणी ज्या दिवशी संपते त्या दिवशी आधी वाचलेलंही बंद होतं. वर्षभर पैसे भरून वाचकाच्या हातात एक पानही उरत नाही. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत तुमचे अंक कुणीतरी सांभाळील. आमच्या तालुक्याची बातमी आमच्याच तालुक्यात सापडू नये, हे मला बरोबर वाटत नाही.

करही पाहा. छापील अंकावर जीएसटी नाही. तोच मजकूर ऑनलाइन विकत घेतला की १८ टक्के. माझ्या ९९९ रुपयांत १५२ रुपये कराचे होते. तेवढ्यात आमच्याकडं एका दैनिकाचा महिना निघतो. कागदावरच्या बातमीला सूट आणि काचेवरच्या बातमीला कर, याचं कारण मला आजवर कुणी नीट समजावून दिलेलं नाही. वृत्तपत्रांनी हा प्रश्न सरकारकडं लावून धरावा आणि वाचकांनाही त्यात बोलवावं.

माझं मागणं एवढंच की, वृत्तपत्रांनी वाचनालयांसाठी वेगळी ऑनलाइन वर्गणी काढावी. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं ११ हजारांच्या घरात आहेत, बहुतेक खेड्यांत आणि तालुक्याच्या गावी. हे नवलाचं काही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सनं मार्च २०११ मध्ये ऑनलाइन वाचनाला पैसे घ्यायला सुरुवात केली. आज त्याचे वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत. तरीही तिथली कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयं त्या दैनिकाची वर्गणी भरतात आणि ग्रंथालयाचं कार्ड असलेला माणूस घरी बसून ते वाचू शकतो. आमच्याकडं कार्ड आहेत, सभासदांची नोंद आहे. वर्षाला दोन-अडीच हजार रुपये आमची कार्यकारिणी आनंदानं मंजूर करील, पण बिल वाचनालयाच्या नावानं आणि शिक्क्याला चालेल असं हवं. आज ते माझ्या नावानं माझ्या ईमेलवर येतं आणि लेखापरीक्षणात चालत नाही, म्हणून ही वर्गणी दोन वर्षं मी पदरची भरते आहे. अनुदान दोन हप्त्यांत येतं, कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा आपोआप पैसे कापणं आम्हाला परवडणार नाही. मुदत संपायच्या आधी मराठीत एक पत्र किंवा फोन यावा.

तो फोन आमच्या जिंतूरच्या एजंटनंच करावा, असं मला फार वाटतं. तीस वर्षं हा माणूस पहाटे साडेतीनला उठून गठ्ठे मोजतो. पुरात गाडी अडली तर तोच आधी फोन करतो. दर महिन्याला अंक कमी होतात, कमिशन कमी होतं. ऑनलाइन वर्गणीही त्याच्याच हातून विकली आणि त्याला त्याचा वाटा दिला, तर तो ती गावोगाव नेईल. घरोघर पेपर वाचणारा कोण, बिल थकवणारा कोण, हे त्याच्याएवढं कुठल्या कंपनीला ठाऊक आहे?

छापील अंक आम्ही बंद करणार नाही. गुरुजींना अग्रलेख हातात धरूनच वाचायचा असतो. पण पहाटे पाचला पेपर हवा असणारी पोरं, चुलीपुढं वाचणाऱ्या मुली आणि पुलावरून पाणी गेलेला दिवस, यांच्यासाठी मला दुसरी वर्गणीही हवी आहे, आणि तिचे रास्त पैसे मोजायची तयारी आहे.

माझी सध्याची वर्गणी १४ फेब्रुवारीला संपते. त्याआधी आपल्या दैनिकात वाचनालयाच्या नावानं वर्गणी देण्याची सोय होणार असेल तर कृपया कळवावं. कार्यकारिणीची बैठक १० तारखेला आहे, ठराव त्याच बैठकीत घेता येईल.

कळावे,
आपली,
एक ग्रंथपाल
‘ड’ वर्ग सार्वजनिक वाचनालय, ता. जिंतूर, जि. परभणी
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)